म्हाताऱ्या दर्यावर्द्याची मूठ

इंग्रज चित्रकार जॉन एव्हरेट मिले यांनी 1874 साली 'द नॉर्थ-वेस्ट पॅसेज' हे चित्र रंगविले. वृद्ध, निवृत्त दर्यावर्दी खुर्चीत बसला आहे. पायाशी बसलेली त्याची मुलगी जुन्या सफरीची नोंदवही वाचून दाखवीत आहे. भिंतीवर नेल्सनचे चित्र, मेजावर नकाशा. कॅनडाच्या उत्तरेकडील बर्फातून पॅसिफिक महासागराकडे जाणारी वाट इंग्लंडनेच शोधावी, हा त्याचा हट्ट आवळलेल्या मुठीत दिसतो.

वस्तुतः 1845 साली त्याच वाटेच्या शोधात गेलेल्या फ्रँकलिनच्या मोहिमेतील 129 जणांपैकी एकही परतला नव्हता. तरीही 1875 साली उत्तर ध्रुवाकडे नेअर्स यांची नवी मोहीम निघाली. स्कर्व्हीने जर्जर झालेले खलाशी पुढल्याच वर्षी परतले. तो जलमार्ग अखेर 1903 ते 1906 या काळात पार केला तो नॉर्वेच्या आमुंडसेन यांनी, एका लहानशा जहाजातून.

राष्ट्राभिमानाने भारावलेले डोळे त्या चित्रात केवळ मूठच पाहतात. मिले यांनी मात्र त्या मुठीवर मुलीचा हात ठेवला आहे. मोहिमांचे मोल घरी मागे राहणाऱ्यांनाही चुकवावे लागते, याचा विसर राज्यकर्त्यांना पडला तरी आपल्याला पडू नये.