चौदाव्या वर्षी पैकीच्या पैकी, मग सोळाची अट कशाला?

दिमित्रिओस लाउंड्रास हे नाव कधी ऐकलंय का? १८९६ साली अथेन्सला पहिलं आधुनिक ऑलिंपिक भरलं, तेव्हा हा ग्रीक मुलगा जिम्नॅस्टिक्समधल्या पॅरलल बार्सच्या सांघिक स्पर्धेत उतरला होता. त्याचा संघ तिसरा आला. आणि त्याचं वय होतं फक्त दहा! ज्यांच्या वयाची नीट नोंद आहे, अशा ऑलिंपिक पदकविजेत्यांमध्ये आजही तोच सगळ्यात लहान आहे.

आता १९७६ सालच्या माँट्रियलला जाऊ या. रुमानियाची नादिया कोमानेची अनइव्हन बार्सवर झुलली, फिरली आणि अलगद जमिनीवर उतरली. गुणफलकावर आकडा झळकला, १.००. एवढ्या सुंदर कसरतीला एकच गुण? नाही हो! तिला मिळाले होते दहापैकी दहा. पण पैकीच्या पैकी गुण कुणाला मिळतील असं वाटलंच नव्हतं, म्हणून फलकावर दहाचा आकडा दाखवायची सोयच नव्हती. नादिया तेव्हा होती १४ वर्षांची.

गंमत बघा, जिम्नॅस्टिक्सच्या आजच्या नियमाप्रमाणे त्या वयात नादियाला ऑलिंपिकमध्ये खेळताच आलं नसतं. तेव्हा किमान वय १४ होतं. १९८१ मध्ये ते १५ झालं आणि १९९७ पासून १६. मुलग्यांना तर मोठ्यांच्या गटात यायला १८ व्या वर्षापर्यंत थांबावं लागतं. एवढं छान खेळणाऱ्या मुलांना थांबवायचं कशाला? कारण कळायला आधी एक प्रयोग करू.

करून पाहा

घरातलं कुणी मोठं माणूस जवळ असताना फिरत्या खुर्चीवर बसा. दोन्ही हात पसरा आणि त्यांना खुर्ची हळूच फिरवायला सांगा. आता हात झटकन छातीशी घ्या. वेग वाढला ना? वजन फिरण्याच्या अक्षापासून जितकं लांब, तितकं फिरणं जड जातं. ते जवळ आलं की गिरकी सोपी होते.

हवेत दोन-दोन कोलांट्या घेणाऱ्या मुलीचंही असंच असतं. ढोबळ गणित करू. समजा तिची उंची १० टक्क्यांनी वाढली आणि शरीराची ठेवण तीच राहिली. तर तिचं वजन साधारण ३३ टक्क्यांनी वाढेल आणि गिरकीला होणारा शरीराचा विरोध सुमारे ६१ टक्क्यांनी! स्नायूंची ताकद मात्र जेमतेम २१ टक्क्यांनी वाढेल. म्हणजे काही कसरतींमध्ये छोट्या, हलक्या शरीराला खरोखरच फायदा मिळतो.

आणि धोका इथेच आहे. हा फायदा मोठ्या माणसांच्या लक्षात आला, की अगदी लहान मुलींना तासन्‌तास सरावाला जुंपायचा मोह होतो. पण लहान मुलांची हाडं म्हणजे मोठ्यांच्या हाडांची छोटी आवृत्ती नव्हे. तुमच्या लांब हाडांच्या टोकांजवळ कूर्चेचा एक पातळ थर असतो. डॉक्टर त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. तुमची उंची वाढते ती याच थरामुळे. वाढ पुरी होत आली, की त्याचं टणक हाड बनतं. बहुतेक मुलींमध्ये हे पंधरा-सोळाच्या आसपास घडतं, मुलग्यांमध्ये थोडं उशिरा. तोवर हा थर हाडाच्या मानाने नाजूक असतो.

जिम्नॅस्ट तर हातांवरही उभे राहतात! व्हॉल्टवर, म्हणजे उडी मारताना हात टेकायच्या साधनावर, आपटलेल्या तळव्यांचा भार मनगटावर येतो. उंचावरून उतरताना पायांवर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट जोर बसतो. हे रोज शेकडो वेळा झालं, तर ग्रोथ प्लेट दुखावते. कधीकधी त्या हाडाची वाढच बिघडते. म्हणून वयाची अट. ती मुलांच्या वाढत्या हाडांसाठी आहे.

पण नियम आला, तशी तो चुकवणारी मंडळीही आली. उत्तर कोरियाच्या किम ग्वांग-सुक हिचं वय ओळीने तीन वर्षं १५ असंच लिहिलेलं होतं! मधले दोन वाढदिवस गेले कुठे? लबाडी उघड झाली आणि १९९३ च्या जागतिक स्पर्धेत तिच्या देशाला भाग घेता आला नाही. रुमानियाच्या डॅनिएला सिलिवाश हिने तर पुढे स्वतःच सांगितलं, की १९८५ मध्ये आपलं जन्मवर्ष बदलून वय दोन वर्षांनी वाढवलं गेलं होतं. तेव्हा ती खरी होती १३ वर्षांची.

चीनच्या दोंग फांगशियाओची गोष्ट आणखी चटका लावते. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमध्ये तिचं वय १७ नोंदलेलं होतं. पुढे २००८ मध्ये बीजिंग ऑलिंपिकला ती अधिकारी म्हणून काम करत होती. तिथल्या कागदपत्रांवर जन्मवर्ष होतं १९८६. करा वजाबाकी! सिडनीत ती होती १४ वर्षांची. २०१० मध्ये तिच्या सगळ्या संघाचं कांस्यपदक काढून घेतलं आणि ते अमेरिकेच्या संघाला मिळालं. म्हणजे खऱ्या वयाने खेळलेल्या मुलींना आपलं पदक दहा वर्षं उशिरा मिळालं.

मला यात सगळ्यात जास्त काय खुपतं, सांगू? तेरा-चौदा वर्षांची मुलगी स्वतःचा पासपोर्ट बनवत नाही. खोटी तारीख मोठी माणसं लिहितात, आणि मान खाली जाते ती मुलीची.

सांगा बघू!

नियम सांगतो, की स्पर्धेच्या वर्षात १६ वर्षं पूर्ण व्हायला हवीत. पॅरिस ऑलिंपिक होतं २०२४ मध्ये. एक मुलगी जन्मली ३१ डिसेंबर २००८ ला, दुसरी १ जानेवारी २००९ ला. पहिली पॅरिसला जाऊ शकली असती. दुसरी फक्त एका दिवसाने लहान, पण तिला थांबायचं थेट २०२८ पर्यंत! हे न्याय्य आहे का? वर्गात चर्चा करा. मला वाटतं, रेघ कुठेही ओढली तरी कुणीतरी तिच्या अलीकडे राहणारच. पण ती सगळ्यांना आधीपासून माहीत असावी आणि सगळ्यांसाठी एकच असावी.

शिवाय, थांबलं म्हणजे संपलं असं थोडंच आहे! या अटीत न बसणाऱ्या लहान मुलामुलींसाठी २०१९ पासून ज्युनिअर जागतिक स्पर्धा भरते. अमेरिकेची सिमोन बाइल्स १९९७ ची, म्हणून २०१२ चं लंडन ऑलिंपिक तिला हुकलं. तिने २०१६ मध्ये रिओला चार सुवर्णपदकं जिंकली आणि २०२४ मध्ये, २७ व्या वर्षी, पुन्हा सर्वांगीण विजेती ठरली. आपली त्रिपुराची दीपा कर्माकर रिओत व्हॉल्टमध्ये चौथी आली, तेव्हा ती २३ ची होती. त्याच अंतिम फेरीत उझबेकिस्तानची ओक्साना चुसोवितिनाही होती. वय ४१! टोकियोत आपलं आठवं ऑलिंपिक खेळताना तर ती ४६ ची होती.

तेव्हा तुमच्यापैकी जे कुणी जिम्नॅस्टिक्स किंवा मल्लखांब शिकत असाल, त्यांनी दोन गोष्टी पक्क्या करा. मनगट, गुडघा किंवा पाठ दुखायला लागली, तर त्याच दिवशी सरांना, बाईंना आणि आईबाबांना सांगा. दुखणं लपवण्यात काहीही शौर्य नाही. आणि अर्जावर वय लिहाल ते खरंच लिहा. कुणी मोठ्या माणसाने बदलायला सांगितलं, तरी ‘नाही’ म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.