सुजलेला कान काय सांगतो?

आपल्या कानाची वरची कड बोटांत धरून पाहा. लवचीक पण टणक असे काहीतरी हाताला लागते. ती कूर्चा. बोट खाली पाळीवर आणा, तेथे ती नाही. नुसती त्वचा आणि चरबी. कान सुजला की प्रथम हाच फरक आठवावा.

कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावरच्या पातळ आवरणातून अन्न आणि प्राणवायू झिरपून तिला मिळतात. कुस्तीत कान चुरगळला की आवरण व कूर्चा यांच्यामध्ये रक्त साठते आणि कूर्चा उपाशी पडते. हे रक्त डॉक्टरांकडून वेळीच काढून घेतले नाही, तर तेथे वेडीवाकडी नवी कूर्चा तयार होते. पैलवानाचा फुलकोबीसारखा कान तो हाच! तालमीत त्याचे कौतुक होते. खरे तर ती उपचाराविना राहिलेली दुखापत असते. (कान पिळण्याची शिक्षा शाळांतून गेली, हे या दृष्टीनेही बरे झाले.)

सोनार कान टोचतो तो बहुधा पाळीत, आणि ती जखम लवकर भरते. बुगडी किंवा भिकबाळीसाठी मात्र कूर्चेतून भोक पाडावे लागते. तेथे जंतू शिरले, तर रक्तपुरवठ्याअभावी शरीराचा प्रतिकार दुबळा पडतो. अशा वेळी कान लाल, गरम आणि सुजलेला दिसतो, पण पाळी जशीच्या तशी राहते! ही खूण दिसली तर थांबू नये. कूर्चा एकदा कुजली की कानाचा आकार कायमचा बिघडतो. गांधीलमाशी चावली तर पाळीही सुजू शकते.

कधी सूज बाहेर दिसत नाही, पण ठणका सहन होत नाही. कानाच्या भोकापुढचा लहानसा उंचवटा हलकेच दाबा. कळ आली तर दोष बहुधा बाहेरच्या नळीत आहे. ही नळी सुमारे २.५ सेंटिमीटर लांब असते. आतल्या भागात तिची त्वचा हाडाला घट्ट चिकटलेली असल्याने सुजेला पसरायला जागा मिळत नाही, म्हणून वेदना मोठी. विहिरीत पोहल्यावर आगपेटीची काडी कानात घालणारे या दुखण्याला आमंत्रणच देतात. दाबून कळ वाढली नाही आणि सर्दीही झालेली असेल, तर पडद्यामागे, मध्यकर्णात पू झाल्याचा संशय घ्यावा. पडदा फुटलेला असू शकतो, म्हणून तेल मुळीच घालू नये.

गालफुगीत पाळी वर उचलली जाते. तेथे दोष कानाचा नसून लाळग्रंथीचा असतो.

मुकुटबनहून यवतमाळला जायचे तर दिवस मोडतो, तेव्हा कोणता कान थांबू शकत नाही हे घरीच ओळखता यावे. कानामागे लाल, दुखरी सूज येऊन कान पुढे ढकलला गेला असेल, तर जंतू कानामागच्या हाडात पोचले आहेत असे समजावे. तेथून मेंदूचे आवरण फार दूर नाही. अशा रोग्याला त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे, मग रात्र झालेली असली तरी.