भाच्याचं अप्रेझल

घरीच शिकणाऱ्या मुलाला मार्क कुणी द्यायचे? आईनं, मामानं, बोर्डानं... की त्यानं स्वतःच?

एप्रिल महिना म्हणजे आमच्या ऑफिसात अप्रेझलचा सीझन. पुण्यातल्या एका आयटी कंपनीत मी टीम लीड. अकरा जणांना १ ते ५ च्या स्केलवर बसवायचं, प्रत्येकाच्या नावापुढे दोन गोड आणि एक कडू वाक्य लिहायचं आणि मग महिनाभर कँटीनमध्ये तोंड लपवून फिरायचं! यंदा त्यातून सुटलो आणि दोन दिवस सोलापूरला ताईकडे पळालो. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि भरपूर झोप, एवढाच प्लॅन होता.

जुळे सोलापूरच्या घरात पाऊल टाकलं, तर ताईनं चहाऐवजी तीन जाड वह्या आणि एक बॉक्स फाइल पुढ्यात आदळली.

"तू ऑफिसात लोकांना मार्क देतोस ना? मग आता याला दे."

'हा' म्हणजे माझा भाचा. वय वर्षं चौदा. लॉकडाऊनमध्ये घरी शिकायची सवय लागली आणि शाळा उघडल्यावर साहेब तिथे रमलेच नाहीत. पाचवी कशीबशी पार पडली. नंतर ताई-दाजींनी धाडस केलं आणि त्याला घरीच शिकवायला घेतलं. तीन वर्षं मजेत गेली. पक्षी, चित्रं, गणित, दाजींच्या टॉवेल कारखान्यातला सुताचा हिशेब... सगळं झालं. झालं नाही ते एकच. मार्क!

गेल्या आठवड्यात दाजी सहज म्हणून एका कॉलेजात चौकशीला गेले. पोराला पुढे अकरावी सायन्स करायचंय, जंगलखात्यात जायचंय. खिडकीतल्या माणसानं एवढंच विचारलं, "आठवी-नववीचे मार्क काय आहेत?" दाजी म्हणाले, "नाहीत." तो म्हणाला, "मग दहावीला बसवणार कुठून?" दाजी गप्प. घरी आल्यापासून ताईची झोप उडालेली. "आपण पोराचं वाटोळं तर केलं नाही ना रे?" हे तिनं मला तीनदा विचारलं.

आईचा 'ए प्लस'

आधी एक गोष्ट क्लिअर करू. २००९ चा शिक्षणहक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलांच्या शाळेबद्दल बोलतो. घरी शिकणाऱ्यांना मार्क कुणी द्यायचे, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. म्हणजे आईनं कितीही प्रेमानं 'ए प्लस' दिला, तरी प्रवेशाच्या खिडकीवर त्याची किंमत शून्य.

अमेरिकेत मात्र वेगळाच फंडा! न्यू जर्सीतल्या मावसबहिणीला फोन लावला. तिच्याकडे घरी शिकणाऱ्या मुलांचं ट्रान्सक्रिप्ट चक्क आई-वडीलच बनवतात. विषय, तास, क्रेडिट आणि ग्रेड, सगळं एका पानावर. ढोबळ हिशेब असा, की साधारण १२० तासांचा अभ्यास म्हणजे एक क्रेडिट. ए म्हणजे ४ पॉइंट, बी म्हणजे ३, सी म्हणजे २ आणि त्यांची सरासरी म्हणजे जीपीए. तिथल्या कॉमन अ‍ॅप नावाच्या प्रवेश अर्जात शाळेच्या समुपदेशकाच्या जागीही पालकच बसू शकतात. अर्थात, आईचा 'ए' कॉलेजं डोळे मिटून गिळत नाहीत. सोबत बाहेरच्या परीक्षेचे गुण असले, तर त्या ग्रेडला वजन येतं.

"चल, बनवू या की मग!" मी लॅपटॉप उघडला. पहिली ओळ, पक्षीनिरीक्षण. हिप्परगा तलाव आणि नान्नजचं माळरान, दर रविवारी चार तास. तीन वर्षांत साधारण दीडशे रविवार. म्हणजे सहाशे तास. भागिले १२०... पाच क्रेडिट!

"आणि हिंदीत?" मी विचारलं.

"पिक्चर धरले तर दहा," भाचा म्हणाला.

टिटवी की माळटिटवी?

ग्रेडच्या रकान्यात ताई सगळीकडे 'ए' भरत सुटली. मी कपाळाला हात लावला. ऑफिसात कुणी सगळ्या टीमला ५ पैकी ५ दिले, तर एचआर विचारतं, बाबा रे, तू खरंच कुणाकडे बघितलंस का? भाच्यानंच तिला थांबवलं.

"आई, पक्ष्यांत 'ए' नको लिहूस. मी चुकलोय."

त्यानं पहिल्या वर्षाची वही उघडली. नान्नजला पाहिलेल्या एका पक्ष्यापुढे 'टिटवी' लिहून काट मारली होती. बाजूला वर्षभरानंतरची तारीख आणि वेगळ्या शाईत लिहिलेलं: 'टिटवी नव्हे, माळटिटवी. चोचीजवळचं कातडं पिवळं, लाल नाही.' त्याच वहीत माळढोकाचं पान होतं. नान्नजचं अभयारण्य ज्याच्या नावानं ओळखलं जातं, तोच माळढोक. त्या पानावर प्रत्येक फेरीची तारीख आणि पुढे एकच शब्द. 'नाही.' पुढची तारीख. 'नाही.' अख्खं पान 'नाही'नं भरलेलं!

खरं सांगतो, माझ्या अकरा जणांच्या अप्रेझल फॉर्ममध्ये इतकं प्रामाणिक पान मी कधी पाहिलं नाही. माझ्या स्वतःच्या फॉर्ममध्ये तर नाहीच नाही.

मग आम्ही पद्धतच बदलली. ग्रेड बाजूला ठेवल्या. प्रत्येक विषयापुढे तीन गोष्टी लिहायच्या: काय केलं, त्याचा पुरावा कुठे आहे आणि काय जमत नाही. गणितापुढे सुताचा काउंट आला. ८४० यार्डांच्या किती लडी एका पौंडात बसतात, तो त्या सुताचा काउंट. लडी जास्त तेवढं सूत बारीक. प्रमाण आणि व्यस्त प्रमाण पोरगं यावरच शिकलंय. 'काय जमत नाही'मध्ये त्यानं स्वतःच लिहिलं: 'भूमितीची सिद्धता. इंग्रजी निबंध. वेळ लावून पेपर सोडवणं.' हे वाचून ताईचा चेहरा पडला. मला मात्र हायसं वाटलं. आता निदान कुठे अभ्यास करायचा ते तरी कळलं!

पण कागद लागतोच, बॉस!

"मालविका जोशीला कुठे लागला?" ताईनं ठेवणीतलं अस्त्र काढलं.

बरोबर आहे. मुंबईच्या मालविका जोशीला तिच्या आईनं सातवीत शाळेतून काढलं आणि २०१६ मध्ये ती थेट अमेरिकेच्या एमआयटीत पोचली. दहावी नाही, बारावी नाही! पण तिच्याकडे आंतरराष्ट्रीय इन्फर्मॅटिक्स ऑलिंपियाडची तीन पदकं होती, दोन रौप्य आणि एक कांस्य. तिचं मार्कशीट जगानं लिहिलं होतं. आणि एवढं असूनही बारावी नसल्यामुळे आयआयटीचं दार तिला बंदच होतं. आपल्याकडे तिला घेतलं ते चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटनं. पदक नसलेल्या बाकीच्यांना बोर्डाच्याच दारातून जावं लागतं.

ती दारं तशी दोन. पहिलं आपल्या ओळखीचं, राज्य बोर्डाचा '१७ नंबर फॉर्म'. खासगी विद्यार्थी म्हणून दहावी-बारावीला बसायचं. सोलापूर येतं पुणे विभागीय मंडळाखाली. पेपर तोच, निकाल तोच, फक्त वर्षभर शाळेत जायचं नाही.

दुसरं दार म्हणजे एनआयओएस, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. १९८९ मध्ये सुरू झालेलं हे केंद्राचं मुक्त बोर्ड. इथे दहावीसाठी वयाची चौदा वर्षं पूर्ण लागतात. आठवीचा दाखला नसेल, तर 'हा अभ्यासक्रम झेपेल एवढी माझी तयारी आहे' अशी स्वयंघोषणा चालते. किमान पाच विषय. पण सगळे एकदम द्यायची सक्ती नाही! ५ वर्षं आणि ९ संधी मिळतात. सुटलेला विषय खात्यात जमा राहतो, उरलेले पुढच्या खेपेला. दुसऱ्या मान्य बोर्डात सुटलेले दोन विषयांपर्यंतचे गुणही इथे आणता येतात. घरी लिहून द्यायच्या असाइनमेंटना २० टक्के वजन. आणि विषयांच्या यादीत मराठी, गणित, विज्ञानाबरोबर चित्रकलाही!

म्हणजे ज्याला आपण फॉरेनचं 'क्रेडिट' समजत होतो, ते आपल्याकडे कधीचंच आहे. आता तर २०२३ च्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानं शालेय वर्षाचाही हिशेब मांडलाय. वर्षाला १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट. शाळेबाहेरचं शिकणंही त्यात मोजता येतं. अट एकच: मूल्यमापनाशिवाय क्रेडिट नाही. नुसते तास भरून भागत नाही. आमच्या पाच क्रेडिटची हवा तिथेच गेली!

नोंद ठेवा, राव

मग ती फाइल वाया गेली का? अजिबात नाही. २०२१ आठवा. कोविडमुळे दहावीची परीक्षाच झाली नाही, तरी राज्याचा निकाल लागला, ९९.९५ टक्के! कशावर? नववीचे गुण आणि दहावीचं शाळेतलं अंतर्गत मूल्यमापन यावर. परीक्षा गायब झाली, तेव्हा शाळेच्या कपाटातल्या नोंदीच उपयोगी पडल्या. घरी शिकणाऱ्याचं कपाट त्यालाच भरावं लागतं.

म्हणून तुमच्या घरात, शेजारात कुणी पोराला घरी शिकवत असेल, तर त्यांना एवढं जरूर सांगा:

• जन्मदाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला पहिल्या दिवसापासून जपा.

• रोज दोन ओळींची डायरी. काय केलं आणि किती वेळ.

• दर विषयाचे वर्षातले तीन-चार नमुने ठेवा. एक चुकलेलाही!

• वर्षातून एकदा घराबाहेरच्या कुणाकडून तरी तपासून घ्या. ओळखीचे शिक्षक असोत, नाही तर स्पर्धा परीक्षा.

• बारावं-तेरावं लागलं की बोर्ड ठरवा. चौदाव्या वर्षी धावपळ नको.

सही कुणाची?

रविवारी रात्री आम्ही एनआयओएसचा फॉर्म काढला. पाच विषय ठरले: मराठी, इंग्रजी, गणित, विज्ञान आणि चित्रकला. पहिल्या खेपेला मराठी आणि चित्रकला, म्हणजे पेपर लिहायची भीती मोडेल. उरलेले तीन पुढच्या खेपेला. 'झेपेल का' ही घोषणा पोरानं तीनदा वाचली, 'काय जमत नाही'चा कागद शेजारी ठेवला आणि मग सही केली. दाजी हळूच म्हणाले, "खिडकीवर मला हे सांगता आलं असतं की!" ताई काही बोलली नाही. पण त्या रात्री ती लवकर झोपली.

पहाटे हुतात्मा एक्स्प्रेसला सोडायला भाचा स्टेशनवर आला. गाडी हलता हलता खिडकीशी येऊन म्हणाला, "मामा, तुझ्या अप्रेझलला तुला किती मिळाले?"

"तीन."

"आणि तू स्वतःला किती दिले होतेस?"

"...पाच."

तो नुसता हसला. पुण्यापर्यंत मी वहीत एक पान आखलं. वर लिहिलं, 'काय जमत नाही.'