लेखक शाळेच्या दारी : बालपुस्तकांच्या दौऱ्याचा हिशोब

मुलांसाठी लिहिणारा लेखक नवे पुस्तक निघाले की गावोगावच्या शाळांत जातो, मुलांशी बोलतो, संध्याकाळी एखाद्या पुस्तकांच्या दुकानात बसून प्रतींवर सह्या करतो आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी रवाना होतो. ब्रिटन, अमेरिका आदी देशांत ही पद्धत चांगलीच रुळली आहे. वरवर पाहता हा साहित्यिक कार्यक्रम वाटतो. प्रत्यक्षात तो एक व्यवस्थित आखलेला व्यापार आहे. प्रकाशक, दुकानदार, शाळा आणि लेखक असे चार पक्ष त्यात गुंतलेले असतात. या व्यापारात कोणाला काय मिळते, कोणाच्या पदरात फारसे काही पडत नाही आणि त्यावर काय उपाय निघाले आहेत, हे ब्रिटनच्या उदाहरणावरून आम्ही येथे समजावून सांगत आहोत. आपल्याकडील पुस्तकविक्रेते व शाळाचालक यांना त्यातून घेण्यासारखे बरेच आहे.

दुकानदार शाळेत का जातो?

ब्रिटनमध्ये १९०० सालापासून पुस्तकांच्या किमतीबाबत प्रकाशक व विक्रेते यांच्यात एक करार होता. प्रकाशकाने ठरवलेल्या किमतीपेक्षा कमी दराने नवे पुस्तक कोणी विकायचे नाही, असा त्याचा अर्थ. १९९५ साली हा करार मोडला. त्यानंतर मोठमोठ्या किराणा भांडारांनी खपाऊ पुस्तके भरमसाट सवलतीत विकायला सुरुवात केली. २००७ साली हॅरी पॉटर मालिकेतील सातवे पुस्तक निघाले तेव्हा त्याची छापील किंमत १७ पौंड ९९ पेन्स होती. एका बड्या भांडाराने ते अवघ्या ५ पौंडांना विकले. छोट्या दुकानदाराला प्रकाशकाकडून ज्या भावात प्रत मिळत होती, त्याहूनही हा भाव कमी होता.

भावात टिकाव लागत नाही म्हटल्यावर छोट्या दुकानदाराने काय करावे? जे भांडारवाल्याला जमत नाही ते करावे. गावातल्या शाळांशी त्याची ओळख असते. कोणत्या वर्गाला कोणते पुस्तक झेपेल हे तो जाणतो. प्रकाशकाला सांगून लेखकाला गावात आणणे आणि शाळेत उभे करणे, ही सेवा तोच देऊ शकतो. लेखकाच्या समोर, त्याच्या सहीनिशी मिळणारी प्रत घेताना गिऱ्हाईक सवलत मागत बसत नाही. म्हणून शाळाभेट हा अशा दुकानांच्या धंद्याचा एक आधार झाला.

दौऱ्याचा एक दिवस

दौऱ्याची आखणी पुस्तक निघण्याच्या काही महिने आधी सुरू होते. प्रकाशन संस्थेतील प्रसिद्धीचे काम पाहणारी व्यक्ती निरनिराळ्या गावांतील दुकानदारांना विचारते. दुकानदार जवळच्या दोन शाळा ठरवतो, एक सकाळची व एक दुपारची. पुस्तकाच्या प्रती तो प्रकाशकाकडून जाकड घेतो, म्हणजे न खपलेल्या प्रती परत करण्याच्या बोलीवर. ही सोय नसती तर कोणत्याही लहान दुकानदाराने शे-दोनशे प्रती मागवण्याचे धाडस केले नसते.

सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे पालकांना आधी पाठवायचे पत्र. लेखक कोण, पुस्तक कोणते, किंमत किती, आणि प्रत हवी असल्यास पैसे कधी व कसे भरावेत, एवढे त्यात असते. भेटीच्या आठ-पंधरा दिवस आधी हे पत्र घरी पोहोचले तर विक्री चांगली होते. तेच पत्र आदल्या दिवशी गेले किंवा दप्तरातच राहून गेले, तर लेखक कितीही रंगून बोलला तरी टेबलावरच्या प्रती तशाच राहतात. मुलांना पुस्तक हवे असते, पण खिसा पालकांचा असतो.

भेटीच्या दिवशी सभागृहात तासाभराचा कार्यक्रम होतो. लेखक पुस्तकातला थोडा भाग वाचतो, चित्रे काढून दाखवतो आणि मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देतो. नंतर सह्यांची रांग लागते. येथे एक साधी युक्ती सर्वत्र वापरतात. मुलाचे नाव चिठ्ठीवर सुवाच्य लिहून ती पानात आधीच चिकटवलेली असते. नावाचे स्पेलिंग विचारण्यात वेळ जात नाही आणि चुकीच्या नावाने प्रत वायाही जात नाही. शिक्षक सतत हजर असतात. लेखकाला मुलांसोबत एकटे सोडायचे नाही, हा शिरस्ता आहे.

सर्वच दौरे असे साधे नसतात. जुलै २००० मध्ये हॅरी पॉटरचे चौथे पुस्तक निघाले तेव्हा लेखिका जे. के. रोलिंग यांचा दौरा वाफेच्या इंजिनाच्या खास गाडीतून काढला होता. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून निघून ती गाडी स्कॉटलंडमधील पर्थपर्यंत गेली. जगभर गाजावाजा झाला. पण पहिल्याच स्थानकावर पत्रकार व छायाचित्रकारांची इतकी झुंबड उडाली की अनेक मुलांना लेखिका नीट दिसल्याही नाहीत. असा थाट शेकड्यात एखाद्यालाच लाभतो. बाकीचे लेखक साध्या रेल्वेने पिशवी घेऊन फिरत असतात.

पैशांचा हिशोब

आता आकडेमोड पाहू. हिशोब समजावा म्हणून आम्ही गोल आकडे घेतले आहेत. समजा, दोन शाळांत मिळून १८० मुलांनी लेखकाला ऐकले आणि त्यांपैकी ६० मुलांनी ८ पौंडांचे पुस्तक घेतले. एकूण विक्री ४८० पौंड झाली. ब्रिटनमध्ये छापील पुस्तकावर मूल्यवर्धित कराचा दर शून्य आहे, त्यामुळे करापोटी काही वजा होत नाही.

दुकानदाराचे कमिशन ४० टक्के धरले तर त्याला १९२ पौंड मिळाले. त्यातून दोन माणसांचा दिवस, गाडीचे पेट्रोल आणि कार्डाने पैसे घेण्याचा आकार वजा होतो. काही दुकानदार विक्रीच्या प्रमाणात शाळेच्या ग्रंथालयाला पुस्तकेही देतात. उरलेले २८८ पौंड प्रकाशकाकडे गेले. छपाई, गोदाम, लेखकाचा प्रवास व मुक्काम हे सारे त्याला त्यातून भागवायचे असते.

आणि लेखक? त्याची रॉयल्टी छापील किमतीच्या साडेसात टक्के धरली तर ३६ पौंड. पुस्तक चित्रमय असेल तर त्यात चित्रकाराचा निम्मा वाटा, म्हणजे लेखकाच्या हाती १८ पौंड. हे पैसेही लगेच मिळत नाहीत. प्रकाशकाने आधी दिलेली आगाऊ रक्कम फिटेपर्यंत रॉयल्टी तिच्यातच वळती होते. म्हणजे पहाटे घर सोडून दोन शाळांत बोललेल्या आणि संध्याकाळी दुकानात सह्या केलेल्या माणसाची दिवसाची कमाई वहीवर ३६ पौंड आणि हातात कदाचित काहीच नाही.

वाचकांनी येथे एक फरक ध्यानात घ्यावा. शाळाभेटी दोन प्रकारच्या असतात. पहिली प्रसिद्धीची. नवे पुस्तक निघाले म्हणून प्रकाशक स्वखर्चाने लेखकाला पाठवतो. शाळा मानधन देत नाही, पण पुस्तके विकण्याची सोय करून देते. दुसरी मानधनाची. शाळा स्वतः लेखकाला बोलावते, दिवसभर वर्गांत त्याच्याकडून लेखनाचे धडे करून घेते आणि त्याचा मोबदला देते. फारसे नाव नसलेल्या लेखकालाही अशा दिवसाचे काही शे पौंड मिळतात. अनेक बाललेखकांचे घर रॉयल्टीपेक्षा या मानधनावरच चालते. भांडण होते ते शाळा किंवा संस्था पहिल्या प्रकारच्या दराने दुसऱ्या प्रकारचे काम मागते तेव्हा.

मानधनाचा प्रश्न

‘तुमची पुस्तके खपतील, प्रसिद्धी होईल, मग पैसे कशाला?’ असा युक्तिवाद नेहमी केला जातो. वरील हिशोब पाहिल्यावर तो किती पोकळ आहे हे कळते. जानेवारी २०१६ मध्ये नामवंत बाललेखक फिलिप पुलमन यांनी ऑक्सफर्डच्या साहित्य महोत्सवाचे आश्रयदातेपद सोडले. महोत्सव भाषण करणाऱ्या लेखकांना मानधन देत नाही, हे त्याचे कारण होते. त्या वेळी ते लेखकांच्या संघटनेचे अध्यक्षही होते. मंडप घालणाऱ्यापासून छपाई करणाऱ्यापर्यंत सर्वांना पैसे मिळतात, मग ज्याच्यासाठी लोक येतात त्यालाच का नाही, असा त्या भूमिकेचा रोख होता.

त्याआधी २००९ मध्ये आणखी एक वाद झाला होता. मुलांच्या संपर्कात येणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासण्यासाठी सरकारने ६४ पौंड शुल्काची नोंदणी सक्तीची करण्याचे ठरवले. शाळांना भेटी देणारे लेखकही त्यात धरले गेले. पुलमन, मायकेल मॉर्पर्गो, ॲन फाइन, क्वेंटिन ब्लेक आदींनी याला विरोध केला आणि शाळेत जाणेच थांबवण्याची भाषा झाली. शिक्षकांच्या देखत शंभर मुलांपुढे बोलणाऱ्याला ही अट कशासाठी, असा त्यांचा सवाल होता. त्याच वर्षाच्या अखेरीस नियम सैल झाले आणि २०१० मध्ये ती योजना थांबवण्यात आली. मुलांच्या सुरक्षिततेची दक्षता हवीच, पण तिचा भुर्दंड कोणी सोसायचा हेही ठरवावे लागते.

ज्याच्या हातात पैसे नाहीत

आमच्या मते या साऱ्या व्यापारातील सर्वांत नाजूक जागा वेगळीच आहे. १८० पैकी ६० मुलांनी पुस्तक घेतले, मग उरलेल्या १२० जणांचे काय? त्यांतील काहींना पुस्तक नको असेल. पण काहींच्या घरी ८ पौंड नव्हते. लेखकाचे बोलणे त्यांनीही ऐकले, हसली तीही. रांग लागली तेव्हा मात्र ती बाजूला उभी राहिली. वाचनाची गोडी लावायला आलेला कार्यक्रम त्या मुलाला ‘पुस्तक हे आपल्यासाठी नाही’ असे शिकवून गेला तर सारेच मुसळ केरात.

यावर ब्रिटनमध्ये काही मार्ग निघाले. पहिला जागतिक पुस्तक दिनाचा. युनेस्कोने १९९५ साली २३ एप्रिल हा दिवस ठरवला. ब्रिटनमध्ये शाळांच्या सोयीसाठी तो मार्च महिन्यात पाळतात. १९९७ साली तेथे त्याची सुरुवात झाली. शाळांमार्फत मुलांना १ पौंडाचे कूपन मिळते. ते दुकानात देऊन खास त्या दिवसासाठी छापलेले पुस्तक फुकट घेता येते किंवा दुसऱ्या पुस्तकावर १ पौंड सूट मिळते. या कूपनाचा भार पुस्तकविक्रेते उचलतात. त्यांचे नुकसान होते असे कोणी समजू नये. दुकानाची पायरी कधी न चढलेले मूल त्या निमित्ताने आत येते, हीच त्यांची गुंतवणूक.

दुसरा मार्ग ग्रंथालयाचा. लेखक येण्याआधी त्याच्या पुस्तकांच्या चार-सहा प्रती शाळेच्या कपाटात असल्या तर प्रत न घेतलेले मूलही ते वाचू शकते. सार्वजनिक ग्रंथालयातून पुस्तक वाचायला नेले तर ब्रिटनमध्ये लेखकाला दर वेळी काही पेन्स मिळतात. त्यासाठी १९७९ साली कायदा झाला आणि १९८४ पासून पैसे वाटले जाऊ लागले. एका लेखकाला वर्षाला जास्तीत जास्त ६,६०० पौंड अशी मर्यादा आहे, त्यामुळे सारी रक्कम मोठ्या नावांकडेच जात नाही.

तिसरा मार्ग मानधनात भागीदारीचा. स्कॉटलंडमध्ये स्कॉटिश बुक ट्रस्ट या संस्थेच्या योजनेतून लेखकाच्या मानधनाचा अर्धा वाटा उचलला गेला आहे. त्यामुळे दूरच्या, लहान शाळांनाही लेखक बोलावता आला.

आपल्याकडे काय करता येईल?

आपल्याकडे लेखक शाळेत येतो तो बहुधा स्नेहसंमेलनाचा प्रमुख पाहुणा म्हणून. शाल, पुष्पगुच्छ आणि स्मृतिचिन्ह देऊन त्याची बोळवण होते. त्याचे पुस्तक त्या दिवशी सभागृहात दिसतही नाही. हे बदलायला फार भांडवल लागत नाही. छापील पुस्तकावर आपल्याकडेही वस्तू व सेवा कर नाही. बालपुस्तकांच्या किमती कमी असल्याने एका प्रतीमागे सुटणारे पैसे थोडे असतात हे खरे, पण एकाच गावातील दोन-तीन शाळांनी मिळून एक दिवस ठरवला तर प्रवासखर्च वाटला जातो.

शाळाचालक व विक्रेते यांना आम्ही चार गोष्टी सुचवू. एक, पालकांना पत्र निदान पंधरा दिवस आधी जावे आणि त्यात किंमत स्पष्ट असावी. खरेदीची सक्ती मुळीच नसावी. दोन, लेखकाचे मानधन व भाडे आधी ठरवून कळवावे. शालीचे पैसे पाकिटात घातले तरी सुरुवात होईल. तीन, लेखक येण्याआधी त्याचे पुस्तक वर्गात वाचलेले असावे, नाहीतर प्रश्नोत्तरे ‘तुमचे वय काय’ यावरच संपतात. चार, विक्रेत्याने आपल्या कमिशनातून काही प्रती बाजूला ठेवाव्यात. शिक्षकांनी त्याला फक्त संख्या सांगावी, मुलांची नावे नव्हे. त्या प्रती इतर प्रतींच्याच गठ्ठ्यातून, नावाची चिठ्ठी लावून, त्याच रांगेत सहीसाठी जाव्यात. कोणती प्रत विकत घेतलेली आणि कोणती दिलेली, हे ना लेखकाला कळावे ना शेजारच्या मुलाला. विक्रेत्याला त्या दिवशी चार पैसे कमी सुटतील, पण त्या रांगेतील प्रत्येक मूल उद्याचे गिऱ्हाईक आहे.