‘अच्छा सोचिए’ म्हणजे सीबीटी नव्हे

लखनौत घरात कुणाला नैराश्य आलं की हजरतगंजपासून इंदिरानगरपर्यंत सल्ला एकच मिळतो : ‘बस, अच्छा सोचिए.’ इथली मराठी घरंही त्याला अपवाद नाहीत; तिथे ‘मन कशात तरी रमव’ एवढी भर पडते. सांगणाऱ्याची माया खरी असते. पण हल्ली त्यापुढचं वाक्य वरचेवर कानावर येतं : ‘ते सीबीटी की काय, त्यात हेच तर शिकवतात. त्याला पैसे कशाला मोजायचे?’ हे साफ चूक आहे, आणि या चुकीपायी माणसं उपचाराच्या दारातून परत फिरतात. म्हणून ती नीट खोडून काढायला हवी.

अ‍ॅरन बेक या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांनी १९६०च्या दशकात फिलाडेल्फियात सीबीटीची, म्हणजे विचार आणि वर्तन या दोन्हींवर काम करणाऱ्या ‘कॉग्निटिव्ह बिहेव्हियरल थेरपी’ची पद्धत घडवली. नैराश्यातल्या माणसाच्या मनात स्वतःबद्दल, जगाबद्दल आणि पुढच्या दिवसांबद्दल काळे विचार आपसूक उमटतात, आणि त्याला ते सत्यच वाटतात, हे त्यांनी हेरलं. उपचार तिथून सुरू होतो.

समजा, अलीगंजमधल्या एका बाईंची लेक पुण्यात आहे. दोन दिवस तिने फोन उचलला नाही. ‘मी तिला ओझं झालेय,’ असं बाईंच्या मनाने घेतलं. जेवण गेलं नाही, दुपार अंथरुणात गेली. शेजारीण म्हणेल, ‘छे, लेकीचा केवढा जीव आहे तुमच्यावर!’ उपचारतज्ज्ञ असं म्हणत नाहीत. ते वही काढायला लावतात. घटना काय, विचार काय, त्यावर शंभरपैकी किती विश्वास, बाजूने पुरावा कोणता, विरुद्ध कोणता, हे सगळं बाईंनी स्वतः लिहायचं. मग पडताळा : रविवारी सकाळी फोन करायचा, काय होईल असं वाटतं ते आधी लिहायचं, काय झालं ते नंतर. लेक कामात बुडाली होती, असं निघू शकतं. ती खरंच नाराज आहे, असंही निघू शकतं. तसं असेल तर त्या नाराजीचं काय करायचं, हा पुढच्या भेटीचा विषय. यात गोड बोलून समजूत घालणं कुठे आहे?

उलट नुसतं गोड घोकणं अंगाशीही येतं. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या जोआन वुड आणि सहकाऱ्यांनी २००९मध्ये हे तपासलं. ज्यांना स्वतःची किंमत मुळातच कमी वाटत होती, त्यांना ‘मी प्रेम करण्याजोगी व्यक्ती आहे’ असं मनाशी म्हटल्यावर अधिकच वाईट वाटलं.

शिवाय विचार ही अर्धीच बाजू झाली. उरलेली बाजू वर्तनाची. ‘मन लागलं की करीन’ असं नैराश्य म्हणायला लावतं. उपचार हा क्रम उलटवतो. सातला अंघोळ, नंतर दहा मिनिटं गच्चीवर, संध्याकाळी एका मैत्रिणीकडे. प्रत्येकापुढे मनःस्थितीचे गुण मांडायचे. कशाने किंचित बरं वाटतं ते आठवड्याभरात कागदावर दिसू लागतं.

आता बाकीचे गैरसमज.

‘हे शिकल्यासवरल्या शहरी लोकांचं काम.’ गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेली चाचणी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ साली छापून आली. वर सांगितलेल्या वर्तनाच्या बाजूवर बेतलेला सहा ते आठ भेटींचा उपचार तिथे प्रशिक्षण दिलेल्या सामान्य समुपदेशकांनी केला. तीन महिन्यांनी ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर होते; नेहमीचीच सेवा मिळालेल्यांत ३९ टक्के.

‘गोळ्यांपुढे बोलण्याने काय होणार?’ मध्यम ते तीव्र नैराश्यावरच्या २००५च्या अमेरिकी अभ्यासात सोळा आठवड्यांनी गोळ्या आणि बोलण्याचा उपचार अशा दोन्ही गटांत ५८ टक्क्यांना गुण आला. मात्र उपचार करणारा हात अनुभवी हवा, हेही त्यातच दिसलं.

‘मग गोळ्या बंद करू.’ मनाने मुळीच नाही. तो निर्णय मनोविकारतज्ज्ञांचा, आणि अनेकांना दोन्ही लागतात.

‘वर्षानुवर्षं चालतं, लहानपण उकरतात.’ साधारण बारा ते वीस भेटी, आणि भर आजच्या अडचणींवर.

‘सगळ्यांना लागू पडतं.’ नाही, काहींना दुसरा उपचार लागतो, आणि जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर तातडीने डॉक्टर गाठायचा.

लखनौत तर मनोविकारांवरचे उपचार नवे नाहीत. मिशनरी ई. स्टॅनली जोन्स यांनी नूर मंझिल हे मनोविकार केंद्र १९५०मध्ये सुरू केलं. किंग जॉर्ज वैद्यकीय विद्यापीठात मनोविकार विभाग आहे. तरीही निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, ज्यात उत्तर प्रदेशही होता, देशातल्या नैराश्यग्रस्तांपैकी सुमारे ८५ टक्के उपचारांविना राहतात. या आकड्यात आपल्या फुकट सल्ल्यांचाही वाटा आहे, असं मला ठामपणे वाटतं.

तेव्हा घरातलं माणूस कोमेजलेलं दिसलं, तर सल्ला आवरा आणि त्याच्यासोबत जा. भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले चिकित्सा मानसतज्ज्ञ शोधा. दोन भेटींच्या मधे काय करायला देणार, हे त्यांना विचारा. ‘काही नाही, फक्त चांगला विचार करा’ असं उत्तर आलं, तर दुसरे तज्ज्ञ पाहा. कुठून सुरुवात करावी ते सुचत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तिथे मराठीतही बोलता येतं.