दाढ नव्हे, नस

धानकापणीच्या दिवसांत, सालेकसा तालुक्यातल्या आमच्या गावात पहाटेचा वारा गार होऊ लागला की आई पदराने उजवा गाल झाकून घेई. वारा लागताच गालात वीज चमके. काही सेकंदांत कळ ओसरे. पण तोंड धुताना, घास चावताना पुन्हा उठे. दुखणे दाढेचे समजून तिच्या दोन दाढा काढल्या गेल्या. कळ राहिलीच. तिसरी काढण्याआधी नागपूरच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी आजाराचे नाव सांगितले : ट्रायजेमिनल न्यूराल्जिया.

मेंदूतून निघणाऱ्या पाचव्या नसेच्या तीन शाखा कपाळ, वरचा जबडा आणि खालचा जबडा यांची संवेदना वाहतात. दातांच्या संवेदनाही त्यांतूनच जातात. फसगत होते ती इथे. १९३४ साली वॉल्टर डँडी यांनी मेंदूच्या मुळाशी रक्तवाहिनी या नसेला खेटलेली असल्याचे नोंदवले. सततच्या दाबाने नसेचे वेष्टण झिजते आणि साधा स्पर्शही वेदना होऊन पोहोचतो. पुढे पीटर जॅनेटा यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ती रक्तवाहिनी दूर सारण्याची शस्त्रक्रिया रूढ केली.

पहिला उपाय मात्र कार्बामाझेपिनची गोळी. ती पुरली नाही आणि कवटी उघडणे वयाला झेपणारे नसले, तर गालातून सुई घालतात. कवटीच्या तळाशी जेमतेम सात-आठ मिलिमीटर लांबीचे अंडाकृती छिद्र असते. त्यातून नसेच्या गाठीपर्यंत पोहोचून उष्णतेने, ग्लिसरॉलने किंवा इवल्या फुग्याच्या दाबाने वेदनेची वाट मोडतात.

रोबोटचे काम इथेच. सीटी स्कॅनवर शल्यविशारद सुईचा मार्ग आखतात. यंत्राचा हात ती दिशा न थरथरता धरून ठेवतो. सुई पुढे सरकवतो तो माणूसच. चाचपडणे कमी होते. पण गाल बधिर होण्याची किंवा दुखणे काही वर्षांनी परतण्याची शक्यता यंत्रामुळे संपत नाही.

आईला त्या सुईची गरज पडली नाही, गोळीने भागले. गेलेल्या दाढा मात्र परत आल्या नाहीत. म्हणून मला रोबोटच्या अचूकतेइतकाच महत्त्वाचा वाटतो तो दाढ काढण्यापूर्वी विचारायचा साधा प्रश्न : कळ सेकंदांची आहे की तासांची? नुसत्या वाऱ्याने, स्पर्शाने उठते का? एक्स-रेमध्ये दाढ निरोगी दिसते का? छिद्र सापडायला यंत्र मदत करील. योग्य रोगी त्या टेबलापर्यंत पोहोचतो तो या प्रश्नांनीच.