स्थितिक आणि गतिक प्रोब

संचालन प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजेच कर्नलमध्ये, चाललेल्या कामाचा माग काढण्यासाठी जे निरीक्षणबिंदू वापरतात त्यांना प्रोब असे म्हणतात. स्थितिक आणि गतिक हे त्यांचे दोन प्रकार होत. ब्रेकपॉइंट प्रोग्रॅमला थांबवून ठेवतो. प्रोब मात्र नोंद घेऊन लगेच वाट मोकळी करतो.

संज्ञा

या जोडनावामुळे विद्यार्थ्यांची हमखास फसगत होते. शालेय भौतिकशास्त्रातील स्थितिज व गतिज ऊर्जा आठवून एक प्रोब जागीच राहतो आणि दुसरा हलतो, असा समज होतो. येथे गतीचा काहीही संबंध नाही. जागा कोणी व केव्हा ठरवली, एवढाच प्रश्न आहे. स्थितिक प्रोबची जागा कर्नल लिहिणाऱ्याने मूळ संहितेतच राखून ठेवलेली असते. गतिक प्रोब निरीक्षक चालू कर्नलमध्ये आयत्या वेळी रोवतो. वारणाकाठी उपसा सिंचनाची पाइपलाइन पुरताना व्हॉल्व्हसाठी चेंबर बांधून ठेवावे, तसा पहिला. चेंबर नसलेल्या ठिकाणी पाणी वाहत असतानाच पाइपला छिद्र पाडून पाहावे, तसा दुसरा. 'पूर्वनियोजित' आणि 'आयत्या वेळचा' हे शब्द खरे तर अधिक नेमके ठरले असते.

'प्रोब'साठी सुश्रुतसंहितेतील 'एषणी' हा देखणा शब्द उपलब्ध आहे. व्रणाची खोली अजमावण्याच्या शस्त्राचे ते नाव. तो प्रचारात नसल्याने येथे 'प्रोब' हाच शब्द ठेवला आहे.

कार्यपद्धती

लिनक्समधील गतिक प्रोबला केप्रोब म्हणतात. तो २००४ साली २.६.९ या आवृत्तीत समाविष्ट झाला. त्याच्या जडणघडणीत आयबीएमच्या बंगळूरु येथील अभियंत्यांचा मोठा वाटा होता. निवडलेल्या जागेवरील मूळ आज्ञेची प्रत बाजूला ठेवून तिच्या जागी, एक्स८६ प्रोसेसरवर, एका बाइटची थांबा-आज्ञा लिहिली जाते. प्रोसेसर तेथे पोहोचला की नोंद होते, प्रतीतील आज्ञा पार पाडली जाते आणि काम पुढे सुरू होते.

लिनक्समधील स्थितिक प्रोब म्हणजे ट्रेसपॉइंट. तो २००८ साली २.६.२८ मध्ये आला. तो बंद असताना त्याच्या जागी बहुधा काहीही न करणारी आज्ञा असते. चालू करताना तिचे रूपांतर उडी मारणाऱ्या आज्ञेत होते. म्हणजे स्थितिक प्रोबसाठीही चालू संहिता बदलावी लागते. स्थिर असते ती केवळ जागा.

सोलारिस १० मधील डीट्रेस या साधनाने २००५ साली दोन्ही प्रकार एकाच नामपद्धतीत आणले. त्यात प्रत्येक प्रोबचे नाव पुरवठादार, मॉड्यूल, फंक्शन आणि नाव अशा चार भागांचे असते.

परिणाम

ट्रेसपॉइंटची नावे आवृत्ती बदलली तरी बहुधा टिकतात. केप्रोब मात्र कर्नलमधील फंक्शनच्या नावावर विसंबून असतो. ते नाव बदलल्यास प्रोब लागतच नाही, आणि ही चूक निदान दिसते तरी. फसवी अवस्था वेगळीच आहे. कंपायलर काही ठिकाणी ते फंक्शन दुसऱ्या फंक्शनमध्ये विरघळवून टाकतो. अशा वेळी प्रोब विनातक्रार लागतो, पण त्या ठिकाणच्या घटना त्याला दिसत नाहीत. नोंदवहीतील शून्याचा अर्थ तेव्हा 'घटना घडली नाही' असा घेता येत नाही.